मिनिटं कमी म्हणजे सीन कापला, असं नसतं

मागे एकदा स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील' या पिक्चरची इंग्लंडहून आलेली सेकंडहँड डीव्हीडी घेतली, घरी येऊन कव्हर उलटं करून बघतो तर ९३ मिनिटं. आता मी सगळीकडे ९७ वाचलेलं. म्हणजे चार मिनिटं गायब, म्हणजे सेन्सॉरची कात्री, असा सरळ हिशोब लावून विकणाऱ्याला भलामोठा मेसेज ठोकला, आणि तो बिचारा "सर डिस्क ओरिजिनल आहे" एवढंच म्हणत राहिला. डिस्क खरंच ओरिजिनल होती. एक फ्रेमसुद्धा कमी नव्हती.

बर्गमनच्या डिस्क गोळा करायला लागलं की हा घोळ होतोच. कारण मिनिटं दोन वेगळ्याच कारणांनी कमी होतात आणि कव्हरवर दोन्ही सारखीच दिसतात. एक म्हणजे पिक्चर तोच, फक्त जोरात पळवलेला. दुसरं म्हणजे पिक्चरच वेगळा.

आधी पळवण्याचं. फिल्म चालते सेकंदाला २४ फ्रेमनी. युरोपातला जुना टीव्ही म्हणजे पाल सिस्टीम, तिथे सेकंदाला २५. मग २४ चे २५ करायचे कसे, तर फार डोकं न लावता फिल्म सरळ २५ च्या वेगाने सोडून द्यायची. पिक्चर चारेक टक्के लवकर संपतो, ९७ चे ९३ होतात, ८३ मिनिटांचा 'पर्सोना' ८० च्या आसपास येतो. बघताना डोळ्यांना काही कळत नाही. कानाला मात्र कळू शकतं, कारण आवाजही त्याच वेगाने पळतो आणि पट्टी चढते. किती, तर अर्ध्या सुराला थोडी कमी, म्हणजे काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी दोनला जाऊन टेकतं. काही कंपन्या पट्टी नंतर दुरुस्त करून घेतात, सगळ्या नाही.

संवादात हे चालून जातं. पण 'ऑटम सोनाटा' (१९७८) मध्ये तो सीन आहे ना, मुलगी शोपँ या संगीतकाराचं ए मायनरचं प्रिल्युड (पियानोची छोटी रचना) वाजवते, मग नावाजलेली पियानिस्ट असलेली आई तेच वाजवून दाखवते, आणि मुलगी झालेली लिव उलमन नुसती आईच्या चेहऱ्याकडे बघत बसते. तिथे ज्याचा कान तयार आहे त्याला पियानो वरच्या पट्टीत लागलाय हे खटकणारच. अमेरिकेतल्या एनटीएससी (तिकडची टीव्ही सिस्टीम) डीव्हीडीत ही भानगड नाही, तिथे फ्रेमची अर्धी चित्रं कमीजास्त वेळा दाखवून हिशोब जुळवतात, वेग जवळपास तोच राहतो. ब्लू-रेवर तर फिल्म बहुतेक वेळा सरळ २४ नेच चालते, म्हणून तिथला आकडा सहसा खरा.

आता दुसरं कारण, आणि हे जास्त महत्त्वाचं. 'फॅनी अँड अलेक्झांडर' दोन आहेत. एक ३१२ मिनिटांचा, एक १८८ चा. हा सव्वाशे मिनिटांचा फरक कुठल्याही वेगाने पडत नाही. लोकांना वाटतं लांबडा म्हणजे थिएटरच्या पिक्चरला काढून टाकलेले सीन नंतर चिकटवून केलेला. उलटं आहे ते. बर्गमनने केला तो मोठा, स्वीडिश टीव्हीसाठी, आणि त्यातून कापून थिएटरसाठी छोटा काढला. गोंधळ होतो कारण लोकांसमोर आधी छोटाच आला, डिसेंबर १९८२ मध्ये, आणि चार ऑस्करही त्यालाच मिळाले. हे कापणं आपल्याला किती जड गेलं ते बर्गमनने स्वतः लिहून ठेवलंय.

आणि कापलंय काय? ख्रिसमसच्या रात्री बाप मुलांच्या खोलीत येतो, एक साधी खुर्ची उचलतो आणि तिची अशी काही गोष्ट रचून सांगतो की पोरं डोळे फाडून बघत राहतात. हा सीन छोट्यात नाही. तो नसला तरी कथा कुठे अडत नाही, पण पुढे बाप गेल्यावर अलेक्झांडर एवढा का बिथरतो हे मला तरी ती खुर्ची बघितल्यावरच नीट कळलं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा बघत असाल तर मोठाच बघा, दोन-तीन रात्रींत वाटून.

'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' (१९७३) चं पण तेच, टीव्हीवर सहा भाग, साधारण २८३ मिनिटं, आणि थिएटरवाला १६९. टीव्हीवाल्यात भाग संपला की श्रेयनामावली पडद्यावर येत नाही, बर्गमन स्वतः नावं वाचून दाखवतो आणि मागे स्वीडनमधल्या फॉरो बेटाची दृश्यं चालू असतात. नवरा-बायकोचं एवढं ऐकल्यावर ते बेट बघून जरा श्वास घेता येतो.

तर ओळखायचं कसं? पाल डीव्हीडीवरच्या मिनिटांना २४ ने भागा आणि जे येईल ते त्यातच मिळवा. ९३ ला भागलं की चारच्या जवळ, झाले ९७, म्हणजे पिक्चर अख्खा. कव्हरवर १८० असेल तर साडेसात मिळवा, १८८ च्या आसपास आलात, म्हणजे थिएटरवाला 'फॅनी'. हे करूनही वीस-चाळीस मिनिटांचा खड्डा राहिला तरच कात्रीचा संशय घ्यायचा. मूकपटांना मात्र हे गणित लावू नका, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे मूळ वेग कुठला यावरच वाद असतो.

पैसे असतील तर क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीचा २०१८ चा मोठा बॉक्स आहे, बर्गमनच्या जन्मशताब्दीला काढलेला, ३९ पिक्चर, ३० ब्लू-रे, त्यात 'फॅनी' आणि 'सीन्स' दोन्हीचे दोन्ही अवतार आहेत. फक्त ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या, म्हणजे रीजनच्या, प्लेअरवरच चालावी अशी कुलूपबंद असू शकते; तो बॉक्स रीजन ए, आपल्याकडचा प्लेअर रीजन सी, इंग्लंडचा बी, तेव्हा मल्टी-रीजन प्लेअर नसेल तर बॉक्स नुसता शोकेसमध्ये शोभेल. अमेरिकेतल्या नातेवाइकाला आणायला सांगण्याआधी एवढं बघाच.

एका ठिकाणी मात्र मिनिटं काहीच सांगत नाहीत. 'पर्सोना'च्या सुरुवातीला धडाधड चित्रं येतात, त्यात पुरुषाच्या लिंगाचा एक शॉट क्षणभर चमकून जातो. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पिक्चर लागला तेव्हा तो काढला होता, पुढे डीव्हीडीच्या काळात परत घातला. खरीखुरी कात्री, आणि कव्हरवर एका मिनिटाचाही फरक नाही. तिथे मी चकार शब्द काढला नसता, आणि 'सेव्हन्थ सील'साठी त्या माणसाचं डोकं खाल्लं. नंतर त्याच्याकडून अजून दोन डिस्क घेतल्या, सांगितली ती किंमत देऊन.