एलानो ब्लुमर

एलानो राल्फ ब्लुमर (जन्म : १४ जून १९८१) हा ब्राझीलचा माजी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. मधल्या फळीत, बहुधा उजव्या अंगाने खेळणारा. साओ पावलो राज्यातल्या इरासेमापोलिस या लहानशा गावात जन्मलेला हा खेळाडू ब्राझील, युक्रेन, इंग्लंड, तुर्कस्तान आणि भारत अशा पाच देशांत व्यावसायिक फुटबॉल खेळला. ब्राझीलकडून त्याने ५० सामन्यांत ९ गोल केले. सांतोस या क्लबपासून तो तीनदा दूर गेला आणि तीनदा परतला.

त्याचा समकालीन रोनाल्डिन्यो चेंडू पायाशी असताना प्रेक्षकांना खुर्चीवरून उठवायचा, काका धावत सुटला की बचावफळी फाटायची. एलानोला यातले काही साधलेले नव्हते, वेगही बेताचाच. त्याचे सामर्थ्य थांबलेल्या चेंडूत होते. फ्री किक आणि कॉर्नर ही त्याची खरी मिळकत. उजव्या पायाने मारलेला चेंडू खेळाडूंच्या भिंतीवरून वळण घेत नेमका कोपऱ्यात उतरायचा. शिवाय संघाचा तोल सांभाळण्याचे काम तो मुकाट्याने करी. उजवा बचावपटू पुढे गेला की त्याची रिकामी जागा भरायची आणि चेंडू हिसकावून तो अधिक हुशार साथीदाराकडे सोपवायचा. असा खेळाडू संघात असताना लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. जखमी होऊन बाहेर बसला की त्याची किंमत कळते, आणि एलानोच्या बाबतीत हे विश्वचषकातच घडले.

ग्वारानी आणि इंतेर दि लिमेरा या क्लबांतून तो २००१ मध्ये सांतोसला आला. पेलेचा हा क्लब तेव्हा विजेतेपदांच्या दीर्घ दुष्काळातून जात होता. २००२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रशिक्षक एमर्सन लेयाओ यांनी पोरसवदा खेळाडूंवर भिस्त ठेवली. दिएगो आणि रोबिन्यो तर अजून विशीतही पोचले नव्हते. हा संघ आठव्या, म्हणजे शेवटच्या पात्रता क्रमांकावरून बाद फेरीत शिरला आणि अंतिम लढतीत कोरिंथियन्ससमोर उभा राहिला. पहिला सामना २-० जिंकूनही दुसऱ्यात, १५ डिसेंबरला मोरुंबी मैदानावर, सांतोस शेवटच्या काही मिनिटांत १-२ असा मागे पडला होता. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली तर साखळीत वर राहिलेला कोरिंथियन्स विजेता ठरणार होता, म्हणजे त्यांना आणखी एक गोल पुरला असता. तेवढ्यात रोबिन्योने उजव्या बाजूने मुसंडी मारली, चेंडू एलानोकडे आला आणि बरोबरी झाली. पाठोपाठ लेओने तिसरा गोल केला. त्या दिवसाची आठवण निघाली की लोक रोबिन्योच्या पायांच्या करामतीविषयीच बोलतात. विजेतेपदावरची भीती मात्र एलानोच्या गोलाने संपवली. २००३ मध्ये सांतोस कोपा लिबर्तादोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम फेरीत बोका ज्युनियर्सकडून हरला आणि २००४ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला.

२००५ च्या सुरुवातीला तो युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्ककडे गेला. रुमानियन प्रशिक्षक मिर्चा लुचेस्कू तिथे बचाव पूर्व युरोपीय खेळाडूंकडे आणि आक्रमण ब्राझीलच्या तरुणांकडे अशी वाटणी करून संघ उभा करत होते. फर्नांदिन्यो, जादसन, मातुझालेम हे एलानोचे तिथले सोबती. कोळशाच्या खाणींच्या या थंड शहरात त्याने दोन लीग विजेतेपदे पाहिली. पुढे युरोपात गाजलेल्या त्या संघाच्या पहिल्या पिढीत तो मोडतो.

ब्राझीलच्या संघात तो खऱ्या अर्थाने रुजला तो दुंगामुळे. २००६ च्या विश्वचषकातील अपयशानंतर प्रशिक्षक झालेल्या दुंगाला नावांपेक्षा मेहनती माणसे हवी होती. ३ सप्टेंबर २००६ रोजी लंडनच्या नव्याकोऱ्या एमिरेट्स स्टेडियमवर ब्राझीलने अर्जेंटिनाला ३-० हरवले, त्यातले दोन गोल एलानोचे होते. तिसऱ्याच मिनिटाला पहिला गोल करून त्याने आपली जागा पक्की केली. २००७ ची कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा ब्राझीलने जिंकली खरी, पण अंतिम सामन्यात दुखापतीमुळे त्याला अर्ध्या तासानंतर मैदान सोडावे लागले. बदली आलेल्या दानी आल्व्हेसने स्वतः गोल केला. हाच आल्व्हेस पुढे वारंवार त्याच्या जागी उतरणार होता. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स चषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून ब्राझीलने बरोबरी साधली. एलानो दुसऱ्या डावात बदली खेळाडू म्हणून उतरला होता. सामना संपायला सहा मिनिटे असताना त्याने कॉर्नर घेतला, कर्णधार लुसिओने उंच उडी मारून डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि निकाल ३-२ लागला.

दरम्यान २००७ मध्ये स्वेन-गोरान एरिक्सन यांनी त्याला मँचेस्टर सिटीत आणले. हा अबू धाबीचा पैसा येण्याआधीचा सिटी. त्या सप्टेंबरात न्यूकॅसलविरुद्ध त्याने लांबवरून मारलेली फ्री किक वरच्या कोपऱ्यात इतक्या वेगाने गेली की गोलरक्षकाला हातच उचलता आला नाही. पुढच्याच आठवड्यात मिडल्सब्रोविरुद्ध त्याने दोन गोल केले. सिटीचे चाहते त्याच्या नावाने गाऊ लागले. पण वसंतापर्यंत संघाची लय हरवली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याच मिडल्सब्रोने सिटीचा ८-१ असा धुव्वा उडवला. सिटीचा एकुलता गोल एलानोचा होता. एरिक्सन गेले, मार्क ह्यूज आले. सप्टेंबर २००८ मध्ये क्लबची मालकी अबू धाबीकडे गेली आणि त्याच दिवशी रोबिन्योही येऊन दाखल झाला. जुना सवंगडी भेटला, पण एलानोची संघातली जागा पूर्वीसारखी निश्चित राहिली नाही. २००९ मध्ये तो इस्तंबूलच्या गालातासराय क्लबकडे गेला.

२०१० च्या विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेत, त्याने कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ केला असे माझे मत आहे. उत्तर कोरियाच्या दाट बचावाने ब्राझीलला तासभर रखडवले होते. मायकोनने कोंडी फोडल्यावर रोबिन्योच्या अचूक पासवर एलानोने दुसरा गोल केला. आयव्हरी कोस्टविरुद्ध काकाच्या पासवर तो पुन्हा गोलपर्यंत पोचला. काही मिनिटांतच त्याच्या नडगीवर जोरदार लाथ बसली आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली. उजव्या बाजूची जबाबदारी पुन्हा आल्व्हेसवर आली. नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व लढतीत ब्राझील १-० आघाडीवरून १-२ हरला. त्या पराभवाची कारणे अनेक, फेलिपे मेलोला मिळालेले लाल कार्ड त्यात मोठे. तरी उत्तरार्धात ब्राझीलचा तोल गेला, तेव्हा तो सांभाळणारा माणूस बाकावरही नव्हता.

२०११ साली सांतोसमध्ये परतल्यावर एकाच वर्षात त्याने शिखर आणि खड्डा दोन्ही पाहिले. कोवळ्या नेयमारच्या साथीने जूनमध्ये पेन्यारोलला हरवून सांतोसने कोपा लिबर्तादोरेस जिंकला, पेलेच्या काळानंतर प्रथमच. १७ जुलैला ला प्लाता येथे कोपा अमेरिकेत पॅराग्वेविरुद्ध पेनल्टींची वेळ आली. पेनल्टीच्या ठिपक्याजवळची माती पार उखडली होती. ब्राझीलकडून पहिला गेला एलानो, आणि चेंडू आडव्या खांबाच्या कितीतरी वरून गेला. पाठोपाठ आणखी तिघे चुकले. चार पेनल्टींत ब्राझीलला एकही गोल मिळाला नाही. अवघ्या दहा दिवसांनी विला बेल्मिरो या सांतोसच्या घरच्या मैदानावर फ्लामेंगोविरुद्ध सांतोस ३-२ पुढे असताना पुन्हा पेनल्टी मिळाली. एलानोने जोर न लावता चेंडू मधोमध हलकेच उचलला. गोलरक्षक फेलिपे जागचा हललाच नव्हता. त्याने तो आरामात झेलला. सांतोस तो सामना ४-५ हरला. थांबलेला चेंडू ज्याच्या आज्ञेत असायचा, त्याच्यावर हे दोन प्रसंग यावेत याची हळहळ वाटते. पण पहिल्या चुकीनंतर पुन्हा चेंडू हातात घेऊन ठिपक्याकडे चालत जाणे सोपे नसते, हेही नोंदवायला हवे.

ग्रेमियो आणि फ्लामेंगो या क्लबांनंतर २०१४ मध्ये तो इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात चेन्नईयन एफसीचा मुख्य परदेशी आकर्षण म्हणून भारतात आला. पहिला सामना मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवाविरुद्ध झाला. गोव्याचा प्रशिक्षक होता झिको, ब्राझीलच्या मधल्या फळीचा आणि फ्री किकचा मोठा उस्ताद. त्याच्या डोळ्यांदेखत एलानोने फ्री किकवर गोल केला आणि चेन्नईयन २-१ जिंकला. दोन आठवड्यांच्या आत चेन्नईत मुंबई सिटीचा ५-१ असा पाडाव झाला, त्यात त्याचे दोन गोल होते. मधल्या फळीतला खेळाडू असूनही ८ गोलांसह तो त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ठरला.

२०१५ मध्ये सांतोसकडे थोडे दिवस राहून तो पुन्हा चेन्नईत आला. हंगामाच्या मध्यावर तळाशी गेलेला चेन्नईयन उपांत्य फेरीत पोचला. शहराला पुराने वेढल्याने त्यांचा घरचा उपांत्य सामना पुण्यात बालेवाडीला खेळवावा लागला. २० डिसेंबरला फातोर्ड्यावर गोव्याविरुद्धची अंतिम लढत त्यांनी शेवटच्या क्षणांत दोन गोल होऊन ३-२ जिंकली. सामन्यानंतर मैदानावर झालेल्या बाचाबाचीत गोवा संघाच्या एका सहमालकाने एलानोविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, त्याला ताब्यात घेण्यात आले आणि नंतर जामिनावर सोडण्यात आले. गोव्याच्या ज्या मैदानावर त्याचा भारतातला पहिला गोल झाला, तिथेच त्याचा भारतातला मुक्काम संपला.

२०१६ मध्ये सांतोसच्याच जर्सीत तो निवृत्त झाला. २०१७ मध्ये तिथे दोनदा तात्पुरत्या प्रशिक्षकाची जबाबदारी त्याने पेलली. पुढे इंतेर दि लिमेराचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले. लिमेरा हे इरासेमापोलिसला लागून असलेले शहर.