‘सुकियाकी’ गाण्यात सुकियाकी कुठंय?

जपानी गायक क्यू साकामोतोचं ‘सुकियाकी’ हे खाण्यावरचं गाणं आहे, हा समज इतका जुना आहे की खोडून काढायला गेलं तर लोक आपल्याकडेच संशयाने बघतात. पण गाण्यात जेवणाचा एक घाससुद्धा नाही. सुकियाकी म्हणजे गोमांसाचे पातळ काप, तोफू आणि भाज्या सोया सॉस-साखरेत शिजवून केलेला पदार्थ. गाण्यातला माणूस मात्र रात्री एकटाच चाललाय, डोळ्यांतलं पाणी खाली सांडू नये म्हणून वर बघत. मूळ नावाचा अर्थही तोच: ‘वर बघत चालू या’.

गाणं जपानमध्ये १९६१ साली आलं. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. बरेच जण याला प्रेमभंगाचं गाणं समजतात. शब्द मोघम आहेत, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. पण एईंना ते सुचलं १९६० च्या अमेरिका-जपान सुरक्षा कराराविरुद्धच्या आंदोलनाच्या अपयशातून.

मग ‘सुकियाकी’ हे नाव कुठून आलं? ब्रिटनमध्ये केनी बॉलच्या जॅझ बँडने ही धून वाजवली, तेव्हा तिथल्या ‘पाय रेकॉर्ड्स’ या तबकडी कंपनीने मूळ नाव जिभेला जड म्हणून हे चिकटवलं. एखाद्या विराणीला ‘पिठलं-भाकरी’ म्हणावं, तसंच हे! अमेरिकेतही तेच नाव चाललं. जून १९६३ मध्ये साकामोतोची मूळ जपानी तबकडी ‘बिलबोर्ड हॉट १००’ या तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तीन आठवडे पहिली होती. शब्द एकाला कळत नव्हता, पण मधली ती शीळ सगळ्यांना कळत होती.