टेपच्या आधी पाण्याची टाकी

पोट, मान आणि उंची एवढं मोजून पुरुषाच्या अंगात किती टक्के चरबी आहे ते सांगणारं, बरंच वापरलं जाणारं सूत्र अमेरिकी नौदलाचं. त्याचं मूळ मात्र टेपमध्ये नाही, पाण्याच्या टाकीत आहे.

नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली अमेरिकन फुटबॉलच्या २५ व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण सैन्यात घेण्याजोगे नव्हते; वजन फार. बेन्केंनी त्यांना पाण्याखाली तोललं (हवेतलं आणि पाण्यातलं वजन यांच्या फरकावरून शरीराची घनता काढता येते), तर बहुतेकांची घनता चांगलीच जास्त भरली, म्हणजे चरबी कमी. वजन होतं ते स्नायूंचं. चरबीची घनता साधारण ०.९, बाकी शरीराची १.१, असं धरून पुढे विल्यम सिरी यांनी १९५६ मध्ये चरबीच्या टक्केवारीचं सूत्र मांडलं: ४९५ भागिले घनता, वजा ४५०. ही १.१ सगळ्यांची सारखी असते, हे अर्थात गृहीतकच.

टाकी काही प्रत्येक तळावर नेता येत नाही. चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी मोजणारा कॅलिपर होता, १९७८ मध्ये जॅक्सन आणि पोलॉक यांनी पुरुषांसाठी त्याची समीकरणंही दिली, पण मोजणाऱ्याचा हात बदलला की आकडा बदलतो. म्हणून टेप. १९८४ मध्ये सॅन डिएगोच्या नौदल संशोधन केंद्रात हॉजडन आणि बेकेट यांनी पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा केला आणि उंचीही हिशोबात घेतली. मान वजा करण्यातच खरी हुशारी आहे: दणकट बांध्याच्या माणसाची मानही जाड असते, त्यामुळे त्याच्यावर अन्याय कमी होतो. या सूत्राने चरबी मोजली जात नाही. टाकीने काय सांगितलं असतं याचा तो अंदाज असतो, आणि त्यात साडेतीन टक्क्यांची चूक सहज धरावी लागते.

२०१८ मध्ये वुलकॉट आणि बर्गमन यांनी मानही काढून टाकली: ६४ वजा २० गुणिले उंची भागिले कंबर. उंची १७० सेंमी, पोटाचा घेर ९०, मान ३८ अशा माणसाला नौदलाचं सूत्र सुमारे २१.५ टक्के देतं, हे नवं, कंबर तीच ९० धरून, २६. माणूस तोच, पहिलं सूत्र टाकीवरून बेतलेलं, दुसरं डेक्सा स्कॅनवरून, म्हणजे क्ष-किरणांनी शरीरातली चरबी मोजणाऱ्या तपासणीवरून.