लाह्या मागितल्या की मुरमुरे देऊ नका

चैत्र-वैशाखात लातुरात अंगाची लाहीलाही होते. कुणाच्या अंगाचे मुरमुरे झाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. भाषेला हा फरक कधीचाच कळलाय. तो किराणा दुकानदाराला आणि माझ्या भाच्यांना का कळू नये, हे मला कळत नाही.

दरवर्षी श्रावण लागला की कुणाची तरी जुनी वही कपाटातून निघते आणि मला फोन येतो. "काकू, आजीच्या वहीत 'लाह्यांचा पुडा १' असं लिहिलंय. तो पुडा तर आता मिळत नाही. मग काय घालू?" मी तोंड उघडायच्या आत मागून तिची जाऊ, शेजारीण आणि दुकानातला पोरगा एका सुरात सांगतात, "मुरमुरे घाला की, एकच ते!"

एकच नाही.

आधी पुड्याचं सांगते. आमच्या भागात बसस्टँडबाहेरच्या टपऱ्यांवर हे पुडे हारीनं टांगलेले असायचे. ज्वारीच्या लाह्या, वरून हळद, मीठ, लाल तिखट आणि बोटाला लागेल इतकं तेल. एका घरची छोटी भट्टी होती. म्हातारा गेला, पोरं पुण्याला लागली, भट्टी विझली. पण तोवर हा पुडा आमच्या स्वयंपाकघरातलं एक मापच होऊन बसला होता. काल्याला एक पुडा, चिवड्याला दोन पुडे, असंच लिहायच्या बाया. माझ्या आत्याबाईंच्या वहीत पानाची खूण म्हणून घातलेला रिकामा पुडा मला सापडला. शाई उडालेली, पण 'निव्वळ वजन १०० ग्रॅम' एवढं वाचता आलं. तेव्हा तुमच्याही वहीत पुडा असेल तर आधी शंभर ग्रॅम धरून बघा. आणि वाटीनं मोजू नका, वजन करा. फुललेल्या जिनसाची वाटी कधी दाबून भरते, कधी पोकळ.

मुरमुऱ्यांबद्दल मराठवाड्यात कुणाला काय सांगायचं! पहाटेची गाडी पकडायची असो की पाहुणा अचानक दारात उभा राहो, सुशीला होतोच. मुरमुरे भिजवले, पिळले, फोडणीत परतले, वर दाण्याचं कूट, झालं. कर्नाटकात यालाच सुसला म्हणतात, म्हणजे नावसुद्धा सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांचं आणि आपलं एकच. पश्चिमेकडं चुरमुरे, मुंबईकडं कुरमुरे, आपल्याकडं मुरमुरे. हा काही भांडायचा विषय नाही. भडंगाचे जाड की भेळेचे पातळ, यावरही मी वेळ घालवणार नाही. घरात असतील ते घ्या.

खरी मेख मुरमुरा आणि लाही फुलतात कशा, यात आहे.

मुरमुरा हा एकदा शिजून झालेला तांदूळ असतो. साळ भिजवतात, उकडतात, वाळवतात, मग तिचं टरफल काढतात. त्या उकड्या तांदळाला मिठाचं पाणी लावून तो पुन्हा कोरडा करतात आणि तापलेल्या वाळूत टाकतात. काही सेकंदांत दाणा आहे त्याच आकारात चारी बाजूंनी फुगतो. फुटत नाही, फुगतो. म्हणून मुरमुरा हातात घेतलात तर लांबट, गुळगुळीत, सगळीकडून बंद दिसेल.

लाही फुटते. तिचा दाणा कच्चा असतो आणि आपल्या सालीसकट असतो. आतल्या ओलाव्याची वाफ होते, साल तिला बाहेर पडू देत नाही, दाब वाढत जातो आणि एका क्षणी साल फाटून आतलं पीठ फेसासारखं बाहेर उसळतं. मक्याच्या लाहीचं गणित नीट मोजलेलं आहे. दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा, साधारण १८० अंश सेल्सिअसला साल फाटते आणि त्या वेळी आतला दाब बाहेरच्या हवेच्या आठ-नऊ पट असतो. ज्वारीचा दाणा लहान, पण तऱ्हा तीच. लाही हातात घेऊन बघा. उमललेल्या पाकळ्या आणि बुडाशी चिकटलेला सालीचा तांबूस तुकडा दिसेल. दुकानात दोन्हींची नावं काहीही सांगोत, हा तुकडा दिसला की लाही.

"मग तोंडात दोन्ही कुरकुरीतच लागतात की," असं भाची म्हणाली. कोरडं असेपर्यंत, हो. म्हणूनच घोळ होतो. ओलं लागलं की दोघांचं सोंग उतरतं. माझं ऐकू नका, दोन वाट्या घ्या. एकीत मुरमुरे, एकीत ज्वारीच्या लाह्या, दोन्हींत पाणी. पाच मिनिटांनी मुरमुरे मुठीत धरून पिळा आणि मूठ उघडा. दाणा न् दाणा वेगळा होईल, नुसता थोडा आक्रसलेला. तो तांदूळ आधीच एकदा शिजून, वाळून घट्ट झालेला असतो, त्यामुळं पाणी प्याला तरी अंग सोडत नाही. सुशीला जमतो तो याच गुणावर. आता लाह्या पिळा. बोटांच्या फटीतून लगदा येईल आणि तळहातावर साली राहतील. तो फेस होता, त्याच्या भिंती कागदाहून पातळ. पाणी लागताच बसल्या.

हा लाहीचा दोष नाही. काल्यात आपल्याला नेमकं हेच हवं असतं.

काला म्हणजे दह्यात कालवलेल्या लाह्या, थोडे पोहे, काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आलं, मिरची, लिंबाच्या लोणच्याची फोड, असतील तर डाळिंबाचे दाणे. लाही दही पिऊन मऊ होते, दह्याला दाटपणा देते आणि सगळ्या जिनसांना धरून ठेवते. पैठणला नाथषष्ठीचा सोहळा अष्टमीच्या काल्यानं संपतो. गावोगावच्या सप्ताहांचा शेवटही काल्याच्या कीर्तनानं होतो. हा पदार्थ आपल्याला नवा नाही, तरी आमच्याच गावच्या सप्ताहात एका वर्षी लाह्या मिळाल्या नाहीत म्हणून परातभर मुरमुरे कालवले. कीर्तन सुरू व्हायच्या आधी कालवले, हा वर आणखी शहाणपणा. महाराज रंगात आले, दोन तास झाले. प्रसाद हातावर पडला तेव्हा दही एकीकडं पातळ पाण्यासारखं आणि मुरमुरे दुसरीकडं रबरासारखे. माझ्या शेजारची म्हातारी बराच वेळ चावत राहिली, मग पदराआड तोंड करून म्हणाली, "देवा, हे गिळू की थुंकू?" प्रसाद होता, गिळला.

उलटंही बघितलंय. पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं लाह्यांचा सुशीला करायला घेतला. भिजवून पिळेपर्यंत तिच्या हातात खळ तयार होती. पतंग चिकटवता आले असते.

तेव्हा वही उघडली की आधी एवढंच बघा: कृतीत जिन्नस ओला होतोय की कोरडाच राहतोय? दही, ताक, दूध असेल तर मुरमुरे चालणार नाहीत. कोरडा चिवडा असेल तर चालवून घ्या, मी पोलीस बोलावणार नाही. ज्वारीचा खमंगपणा मात्र येणार नाही, तो तांदळात नसतोच. लाह्यांचं पीठ करून त्यात दूध-गूळ कालवायचा असेल तर मुरमुऱ्यांकडं बघूसुद्धा नका. मुरमुऱ्याचं पीठ टाळूला चिकटून बसतं, आणि त्यात मीठ असतं. लाह्यांच्या पिठाला सातूचं पीठ म्हणणारेही आहेत. ते तिसरंच, त्यात गहू आणि डाळं असतं.

मिठावरून आठवलं. बंद पडलेल्या पुड्याच्या जागी काहीही घाला, पण त्या पुड्यात मीठ, हळद, तिखट आधीच होतं हे विसरू नका. आत्याबाईंच्या कृतीत मीठ लिहिलेलंच नाही. तेवढं लिहायला त्या विसरल्या असं मी कित्येक वर्षं समजत होते.

आता पर्याय, माझ्या पसंतीच्या क्रमानं. साळीच्या लाह्या दिवाळीच्या सुमारास कुठंही मिळतात, लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर. ओल्या कृतीत त्या ज्वारीच्या लाहीसारख्याच वागतात, चव जरा सपक. फोलपटं मात्र निवडून घ्या, घशात टोचतात. (लग्नातल्या लाजाहोमालाही याच लागतात. लाजा म्हणजेच लाह्या. हल्ली नवरीच्या ओंजळीत सर्रास मुरमुरे ओततात आणि भटजीही गप्प बसतात.) राजगिऱ्याच्या लाह्या पिठाला आणि लाडवाला उत्तम, काल्यात फार बारीक. मक्याच्या लाह्या घरी बिनतेलाच्या फोडल्या तर कोरड्या चिवड्यात ठीक. काल्यात त्यांची टरफलं दातात अडकतात. मायक्रोवेव्हच्या पाकिटातल्या बटरवाल्या मक्याच्या लाह्या काल्यात घालणाऱ्याशी मी बोलत नाही.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि तेव्हापासून दुकानात ज्वारीचे पोहे, ज्वारीचे पफ, ज्वारीच्या नळ्या यांची रांगच लागलीय. पोहे दाबून चपटे केलेले असतात. नळ्या पिठाच्या, यंत्रातून दाबून काढलेल्या. 'ज्वारी' हा शब्द मोठ्या अक्षरात आहे म्हणून हुरळू नका, पाकीट फिरवून मागचं बारीक वाचा. यातलं बहुतेक काही फुटून उमललेलं नसतं.

आणि माझी पहिली पसंती विचाराल तर घरी फोडा. त्याला भट्टी लागत नाही.

ज्वारी मात्र कुठलीही चालत नाही. भाकरीची मालदांडी लाह्यांना म्हणाव्या तशा फुटत नाही. लाहीला कठीण, चमकदार, लहान दाणा लागतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास लाह्यांसाठी 'फुले पंचमी' नावाचा वाण काढलाय, नावातच नागपंचमी ऐकू येते. तो मिळाला तर सोनं. नाहीतर आठवडी बाजारात एखाद्या म्हातारीला "लाह्याची ज्वारी हाय का?" असं विचारा. नुसती ज्वारी मागितलीत तर नुसती ज्वारीच मिळेल.

शंभर ग्रॅम लाह्यांसाठी दीडशे ग्रॅम ज्वारी घ्या. उकळत्या पाण्यात टाकायची आणि लगेच उपसायची. तिथंच रेंगाळलात तर घुगऱ्या होतील. पाणी निथळलं की जाड फडक्यात बांधून रात्रभर ठेवायची. ओलावा आतपर्यंत मुरला पाहिजे आणि वरून दाणा कोरडा लागला पाहिजे. सकाळी लोखंडी कढई चांगली तापवा. नॉनस्टिक नको, तेल नको. फडक्याचा घट्ट बोळा एका काठीला बांधून घ्या. मूठभरच ज्वारी टाका आणि बोळ्यानं दाबत गोल फिरवा. दाबल्यानं दाणा कढईच्या तळाला टेकून राहतो आणि उडतही नाही.

पहिली मूठ वाया जाते, ती जाऊ द्या. दाणे नुसतेच तांबूस झाले तर कढई थंड आहे. करपले आणि फुटले नाहीत तर ज्वारी फार सुकलीय; पाण्याचा हबका मारून तासभर झाकून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या मुठीला एकदम तडतड सुरू होते, बोळ्याखालून पांढरी फुलं बाहेर सरकायला लागतात आणि घरभर भाजक्या ज्वारीचा वास पसरतो. आवाज मंदावला की लगेच ताटात काढा, शेवटच्या दाण्याची वाट बघू नका. पुड्यासारख्या खाऱ्या हव्या असतील तर चमचाभर तेलात हळद-तिखट घालून गरम असतानाच चोळा, वर बारीक मीठ.

गार झाल्या की चाळणीनं चाळा. खाली न फुटलेले गणंग राहतील. एखादा जरी काल्यात गेला तरी कुणाची तरी दाढ धरेल, म्हणून चाळून झाल्यावर पुन्हा एकदा हात फिरवा. गणंग फेकू नका, डब्यात साठवून थालीपिठाच्या भाजणीत टाका. ते भाजलेलेच आहेत.