‘सुपरहिट मुकाबला’ आणि नंबरांचा घोळ

टीव्हीवरच्या सिनेगीतांच्या कार्यक्रमांतले चित्रहार, छायागीत सगळ्यांना माहीतच आहेत, ते सोडून देतो; बोलतो ते गाण्यांना लोकप्रियतेचे नंबर लावणाऱ्या ‘सुपरहिट मुकाबला’बद्दल. या नंबरांची सुरुवात रेडिओवरची. १९५२ला सरकारी रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळपास गायब झाली, त्याच वर्षी रेडिओ सिलोनवरून (आताची श्रीलंका) ‘गीतमाला’ हा सिनेगीतांचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढं तिथं रेकॉर्डची विक्री अन् श्रोत्यांची मागणी पाहून गाण्यांना नंबर लागायला लागले.

टीव्हीवर हे जोरात आलं ते १९९३ नंतर, दूरदर्शनचं दुसरं चॅनेल, मेट्रो, उपग्रहावर गेलं तेव्हा. ‘सुपरहिट मुकाबला’ त्याच चॅनेलवरचा. थोडीच वर्षं चालला पण गाजला लय. आमच्याकडं खेड्यात साध्या अँटेनावर राष्ट्रीय चॅनेलच दिसायचं, मेट्रो पाहायचं तं केबल पाहिजे.

खरा घोळ हा की मुकाबला फक्त सिनेमाच्या गाण्यांचा होता. देशात काय चालतंय ते दाखवायचं म्हणे, पण त्या काळात वऱ्हाडात अन् झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) बाजाराच्या दिवशी कॅसेटच्या दुकानात काय वाजत होतं? भीमगीतं, खंजिरी भजनं, अन् दंडार, खडीगंमत ही इकडची लोकनाट्यं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कॅसेटचे स्टॉल लागायचे, तिथली विक्री काय कमी होती का! ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली म्हणून तं गावोगावचे गायक रेकॉर्ड झाले, तोही धंदाच होता, त्यातही वादक, स्टुडिओ, छपाईवाले पोट भरत होते. वर दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचे, त्याचा हिशोब तं कोणत्याच कंपनीच्या वहीत नाही. म्हणजे विक्रीवरून नंबर लावा म्हटलं तरी आमचं गिऱ्हाईक मोजलंच जाणार नव्हतं. ‘लोकप्रिय’ म्हणजे फक्त ‘फिल्मी’ हा निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

पुढं खासगी चॅनेलवर असल्याच याद्या आल्या, २००३ला मेट्रोच बंद झालं आणि त्या जागी बातम्यांचं चॅनेल आलं. मग मोबाईल आला, सीडी गेली, आता झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं यूट्यूबवर टाकलं की किती लोकांनी पाहिलं तो आकडा खालीच दिसतो, कोणाला विचारायची गरज नाही. पण २०२१ला देशातल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं दर आठवड्याची अधिकृत टॉप वीसची यादी सुरू केली, ती काढली फक्त परदेशी गाण्यांची.