गुंगीत श्वासावर नजर कोणाची?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी अनेक ठिकाणी जठराची दुर्बिणीतून तपासणी केली जाते. जुनं आम्लपित्त, रक्तक्षय, घास अडकणं यांसाठीही ती होतेच. तपासणी पाच-दहा मिनिटांची, नळी जेमतेम 9-10 मिलिमीटर जाडीची. रुग्ण आणि घरचे विचारतात ते नळीबद्दलच: दुखेल का, उलटी होईल का? पण रुग्णाचं वजन 130 किलो असेल तर भूलतज्ज्ञाला घोर असतो तो गुंगीचा.

गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो. हाक मारली की डोळे उघडणारा माणूस पुढच्या डोसनंतर फक्त चिमटा काढल्यावर हलतो आणि त्यापुढच्या डोसनंतर कशालाच दाद देत नाही. मिडाझोलाम आणि फेंटानिल ही या कामातली औषधांची जुनी जोडी. दोन्हींवर उतारा आहे: मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल, फेंटानिलवर नॅलॉक्झोन. आता बऱ्याच ठिकाणी प्रोपोफॉल वापरतात. जॉन ग्लेन या पशुवैद्यकाने आयसीआय कंपनीत काम करताना हे पांढरं औषध शोधलं आणि त्याबद्दल 2018 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते, काही मिनिटांत जाग येते, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. मात्र प्रोपोफॉलवर उतारा नाही. डोस जास्त झाला तर औषध उतरेपर्यंत रुग्णाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचा, एवढा एकच मार्ग उरतो.

अतिलठ्ठ माणसाच्या बाबतीत हा मार्ग अरुंद का होतो, ते पाहू. जाग असताना जीभ, पडजीभ आणि घशाच्या भिंती यांचे स्नायू ताठ राहून हवेची वाट उघडी ठेवतात. गुंगीत ते सैलावतात. मानेत आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठलेली असेल तर आधीच चिंचोळी असलेली वाट मिटते. छाती वर-खाली होत राहते, पोट हलत राहतं, पाहणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे. पण आत हवा जात नसते.

आणि हाताशी वेळ थोडा असतो. साधा श्वास सोडल्यावर सडसडीत माणसाच्या फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा शिल्लक असते. श्वास थांबला की शरीर याच साठ्यातला प्राणवायू वापरतं. नळाचं पाणी गेल्यावर घर गच्चीवरच्या टाकीवर चालतं, तसं. अतिलठ्ठ माणूस पाठीवर निजला की पोटाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो आणि ही टाकी निम्म्याहूनही लहान होऊ शकते. शिवाय शरीर मोठं, म्हणजे प्राणवायूचा खर्चही जास्त. आधी मास्कमधून भरपूर प्राणवायू देऊन फुप्फुसं भरून घेतली, तर निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू श्वास थांबल्यानंतर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरायला साधारण 8 मिनिटं लागतात. अतिलठ्ठ माणसाच्या बाबतीत जेमतेम 3 मिनिटं, कधी त्याहूनही कमी.

आता त्या मिनिटांत खोलीत काय दिसतं ते बघा. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावलेला आहे, नाकात प्राणवायूची नळी आहे, पडद्यावर 98 हा आकडा आहे. वाट मिटली. पहिली काही सेकंदं आकडा 98 च राहतो, कारण साठा अजून संपलेला नाही आणि बोटापर्यंत रक्त पोहोचायलाही वेळ लागतो. मग 96, 94. नव्वदच्या खाली गेल्यावर तो भराभर घसरतो. ऑक्सिमीटर हे फार मोलाचं यंत्र आहे, त्याने असंख्य जीव वाचवलेत. पण ते रक्तातला प्राणवायू मोजतं, श्वास मोजत नाही. श्वास मोजतो कॅप्नोग्राफ. नाकाशी बसवलेली बारीक नळी प्रत्येक उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड टिपते आणि पडद्यावर एकामागून एक लाटा उमटतात. वाट मिटली की पुढची लाट उमटतच नाही. आकडा अजून 98 असतो, पण रेषा सपाट झालेली असते. तेवढ्यात भूलतज्ज्ञ जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढतात, गरज पडली तर नाकातून मऊ नळी घशापर्यंत सरकवतात, आणि लाटा परत येतात. माझं स्पष्ट मत आहे की अतिलठ्ठ रुग्णाला गाढ गुंगी द्यायची असेल तर कॅप्नोग्राफ ही चैन नाही, ती किमान गरज आहे.

तितकीच गरज श्वासावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र माणसाची. दुर्बीण चालवणाऱ्या डॉक्टरांचे डोळे जठराच्या पडद्यावर असतात आणि तिथेच ते असायला हवेत. त्यांनीच मधूनमधून श्वासही बघावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

डोसचं गणितही वेगळं. 165 सेंटीमीटर उंचीची, 130 किलो वजनाची बाई घ्या. तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, जवळपास 48. चरबी वगळून तिच्या शरीराचं वजन 60 किलोच्या आसपास भरतं. प्रोपोफॉलचा पहिला डोस या 60 किलोंवर ठरवायचा असतो. 130 वर ठरवला तर तो दुपटीहून जास्त होईल. मिडाझोलाम चरबीत मुरतं आणि सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे गुंगी रेंगाळते. म्हणून थोडं द्या, थांबा, बघा, मग पुढचं द्या.

निम्मी सुरक्षितता मात्र तपासणीच्या आधीच्या प्रश्नांत असते. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस चुंग यांनी 2008 मध्ये मांडलेली स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी आज जगभर वापरली जाते. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा येतो का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? रक्तदाब आहे का? बाकीचे चार मुद्दे बीएमआय 35 च्या वर, वय पन्नाशीच्या पुढे, मानेचा घेर 40 सेंटीमीटरहून जास्त आणि पुरुष असणं. आठपैकी पाच किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असण्याची शक्यता बरीच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रुग्णाला माहीतच नसतं, ते बायको किंवा नवरा देतो. तेव्हा त्यांना दाराबाहेर बसवू नये. वजनावरून आयुष्यभर टोमणे ऐकलेला माणूस घोरण्याचा विषय निघाला की गप्प होतो, हेही विचारणाऱ्याने ध्यानात ठेवावं आणि आदराने विचारावं. घरी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, असेल तर ते सोबत न्यावं.

मार्च 2025 मध्ये टिर्झेपटाइड हे वजन आणि मधुमेहावरचं इंजेक्शन आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आलं, तेव्हापासून आणखी एक प्रश्न वाढला आहे. ही इंजेक्शनं जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात. रात्रभर उपाशी राहूनही सकाळी जठरात अन्न सापडू शकतं आणि गुंगीत ते उलटून फुप्फुसांत जाऊ शकतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी 2024 मध्ये एकत्रितपणे सुचवलं की बहुतेकांनी औषध चालू ठेवायला हरकत नाही. मात्र डोस नुकताच वाढवला असेल, मळमळ किंवा पोटफुगी असेल, तर आदला पूर्ण दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यावेत. आपण इंजेक्शन घेतो हे तपासणीच्या दिवशी नाही, तारीख ठरतानाच सांगावं. मधुमेहासाठी घेत असाल तर ते परस्पर बंद करू नये.

रुग्णाला निजवण्याची पद्धतही फरक पाडते. डोकं आणि खांदे उंच, शक्यतो डाव्या कुशीवर. पोटाचा भार बाजूला जातो, जीभ मागे पडत नाही. दंडाला पुरेल असा रक्तदाबाचा पट्टा हवा आणि वजन पेलणारं टेबल हवं. ज्या केंद्रात हे नाही, तिथे ही तपासणी गुंगी देऊन करू नये, मोठ्या रुग्णालयात पाठवावं. गुंगी हवीच का, हाही प्रश्न विचारावा. नुसतं बघायचं असेल तर घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारून तपासणी होते. आपल्याकडे कितीतरी जण ती तशीच करून घेतात. उलट काम लांबणारं असेल, किंवा जठर भरलेलं असण्याची शंका असेल, तर श्वासनलिकेत नळी घालून दिलेली पूर्ण भूल अर्धवट गुंगीपेक्षा सुरक्षित ठरते. रुग्णाला ती जास्त भीतिदायक वाटते, पण श्वासाची वाट त्यात सुरक्षित असते.

तपासणी संपली की नळी निघते, डॉक्टर हात धुतात, आणि सगळ्यांचं लक्ष ढळतं. नळीची टोचणी थांबल्यावर गुंगी पुन्हा गाढ होऊ शकते, म्हणून पूर्ण जाग येईपर्यंत ऑक्सिमीटर काढू नये आणि रुग्णाला अर्धवट बसतं ठेवावं. घरी नेताना सोबत माणूस हवाच. 24 तास गाडी चालवू नये. त्या रात्री दारू नाही, झोपेची गोळी नाही, उशी उंच ठेवावी आणि सीपॅप असेल तर दुपारच्या डुलकीलाही तो लावावा.