व्हिस्कॉसिटी मुद्रण

एकाच कोरलेल्या धातुपत्र्यावर कमीअधिक दाटपणाच्या (व्हिस्कॉसिटीच्या) अनेक शाया चढवून आणि कागद एकदाच प्रेसमधून काढून बहुरंगी छापचित्र मिळवण्याची पद्धत. शाईत तेल किती आणि रोलर किती मऊ, या दोन गोष्टींवरून कोणता रंग पत्र्याच्या कोणत्या पातळीवर बसेल हे ठरते. पॅरिसच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत १९५० नंतरच्या दशकात ही पद्धत आकाराला आली. तिच्या घडणीत कृष्ण रेड्डी (१९२५–२०१८) आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कैको मोती या दोन भारतीय चित्रकारांचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी

अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये, शाई खाचांत भरतात, वरची सपाटी पुसून घेतात आणि ओलसर कागद दाबून खाचांतली शाई उचलतात. हे काम मुळात एकरंगी. रंग हवे असतील तर जुने मार्ग दोन होते. एक, प्रत्येक रंगासाठी वेगळा पत्रा करून तोच कागद पुन्हा पुन्हा छापणे. यात ओला कागद ताणला जातो, सुकताना आकसतो आणि तिसऱ्या पत्र्यापर्यंत रंग जागेवरून सरकतात. दुसरा, एकाच पत्र्यावर कापडाच्या लहान बोळ्यांनी जागोजागी वेगळे रंग भरणे. त्यात रंग शेजारी-शेजारी राहतात, एकमेकांत गुंतत नाहीत.

स्टॅनली विल्यम हेटर (१९०१–१९८८) यांनी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये छापचित्रणाची कार्यशाळा सुरू केली. पुढे कँपान्य प्रमिएर रस्त्यावरील १७ क्रमांकाच्या जागेवरून तिला नाव मिळाले. हेटर रसायनशास्त्र आणि भूशास्त्राचे पदवीधर होते आणि चित्रकलेकडे वळण्याआधी इराणमधील अबादान येथे तेल कंपनीत नोकरीला होते. पदार्थाचे गुणधर्म तपासत पुढे जाण्याची त्यांची सवय कार्यशाळेतही उतरली. १९४० ते १९५० ही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढली. तिथे १९४६ साली केलेल्या ‘सँक पेर्सोनाज’ या छापचित्रात कोरलेल्या पत्र्याच्या सपाटीवर रेशमी जाळीतून रंग चढवून सगळे एकदम छापले आहे. एकाच दाबात अनेक रंग हे उद्दिष्ट त्यात दिसते, पण रंगांच्या जागा अजून जाळीच ठरवत होती. कार्यशाळा पॅरिसला परतल्यावर रेड्डी, मोती आणि इतर सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून जाळीची गरज संपली आणि ते काम शाईतल्या तेलाकडे आले.

तत्त्व

पातळ, तेलकट शाईच्या थरावरून घट्ट शाईचा रोलर फिरवला तर घट्ट शाई तिथे बसत नाही. रोलर उचलताना दोन थरांपैकी जो कमकुवत तो दुभंगतो. पातळ शाई लगेच दुभंगते, घट्ट शाई अखंड रोलरवर परत जाते. पातळ शाई नाही तिथे मात्र घट्ट शाई धातूला धरते. यामुळे दोन रंग शेजारी राहूनही मिसळत नाहीत. ओल्यावर ओला रंग छापणाऱ्या व्यावसायिक छपाईत हेच तत्त्व उलट बाजूने वापरतात. तिथे पहिली शाई अधिक चिकट आणि पुढची कमी चिकट ठेवतात, कारण दुसरी शाई पहिलीवर बसायला हवी असते.

व्हिस्कॉसिटी मुद्रणातही हा क्रम उलटवता येतो. आधी घट्ट पिवळी शाई वरच्या पातळीवर दिली आणि मग पातळ निळी सगळीकडे फिरवली, तर वर हिरवट छटा येते आणि खोलगट भागात शुद्ध निळा राहतो. त्याच पत्र्यावर, त्याच दोन रंगांत, केवळ तेलाचे प्रमाण अदलाबदल करून पूर्ण वेगळे चित्र निघते. पद्धतीचे सामर्थ्य इथे आहे. अनेक रंग एका झटक्यात उमटणे हा त्याचा केवळ एक परिणाम.

पत्रा

साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा जस्ताचा पत्रा वापरतात. तांबे चालते, पण ते आम्लाने खोल खायला, म्हणजे कोरायला, वेळ आणि पैसा दोन्ही अधिक लागतात. किमान तीन पातळ्या लागतात: मूळ सपाटी, मधली आणि खोल. पातळ्यांतला फरक नखाला स्पष्ट जाणवला पाहिजे. साध्या एचिंगमधली रेषा-पोताची खोली इथे पुरत नाही, कारण तेवढ्या फरकात कडक रोलरसुद्धा खाली टेकतो आणि सगळे एकरंगी होते.

सपाटीचे जे भाग शाबूत ठेवायचे ते बिट्युमेनच्या (डांबरी) लेपाने झाकून पत्रा आम्लात सोडतात. जस्तासाठी रेषांना एक भाग नायट्रिक आम्लाला सुमारे दहा भाग पाणी, खोल खाण्यासाठी सहा भाग. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. पत्र्यावर जमणारे बुडबुडे पिसाने हलवत राहावे, नाहीतर बुडबुड्यांखाली धातू कमी खाल्ला जाऊन पुटकुळ्या राहतात. खोल खाताना द्रावण तापते. तापले की लेप सुटतो आणि नको तिथे पत्रा कुरतडला जातो. म्हणून पत्रा मधूनमधून बाहेर काढून द्रावण निवू द्यावे. नायट्रिकच्या तपकिरी वाफा फुप्फुसांना घातक असतात. हवा खेळती नसलेल्या खोलीत मोरचूद आणि मीठ समभाग घालून केलेले पाणी जस्तासाठी बरे. त्यात वाफ निघत नाही, फक्त पत्र्यावर साचणारा तांब्याचा तपकिरी गाळ ब्रशने सतत झाडावा लागतो.

याखेरीज ब्युरिन (कोरणी), स्क्रेपर (खरवडणी), राळेच्या पुडीवरून आम्लाने केलेला दाणेदार पोत म्हणजे ॲक्वाटिंट, मऊ ग्राउंडवर (आम्लरोधक मऊ लेपावर) दाबलेले कापड किंवा पान, हे सारे चालते. सपाटीकडून खोलीकडे जाणारे उतार स्क्रेपरने मऊ केले की दोन रंगांच्या सीमेवर कडक काठ न येता ठिपक्याठिपक्यांचा संधिप्रदेश तयार होतो. पत्र्याच्या चारही कडा कानशीने तिरप्या करून गुळगुळीत केल्याखेरीज पत्रा रोलरखाली घेऊ नये. धारदार कड मऊ रोलरला कायमची चीर पाडते.

शाया आणि रोलर

खाचांत भरायची शाई डब्यातून काढलेली, घट्ट. कडक रोलरची शाई पातळ: चमचाभर शाईत जवसाच्या कच्च्या तेलाचे थेंब एकेक करून, सुरीवरून अखंड धार पडेपर्यंत. मऊ रोलरची शाई पुन्हा घट्ट. सैल वाटली तर त्यात मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मळतात.

थेंबांचा एक हिशेब सगळ्या रंगांना लागू होत नाही. प्रत्येक रंगद्रव्य तेल वेगवेगळे शोषते. पांढरा जड आणि आखूड (तार न धरणारा) असतो, काही निळे आणि लाल मुळातच सैल असतात. म्हणून काचेवर चाचणी घ्यावी. पातळ शाईचा हाताच्या पंजाएवढा पट्टा काचेवर द्यावा आणि घट्ट शाईचा रोलर त्यावरून एकदा न्यावा. पट्ट्याचा रंग स्वच्छ राहिला तर फरक पुरेसा आहे. गढूळ झाला तर पातळ शाईत आणखी तेल हवे, किंवा घट्ट शाईतले काढता येत नसल्याने ती नव्याने घ्यावी. उन्हाळ्यात मुंबईसारख्या ठिकाणी दोन्ही शाया सैल होतात, तेव्हा सकाळचे मिश्रण दुपारी पुन्हा तपासावे लागते.

रोलरचा कठीणपणा शोर ए मापावर मोजतात. कडक रोलर ५० ते ६०, मऊ २० ते २५. व्यास याहून महत्त्वाचा. रोलरने एका फेऱ्यात पूर्ण पत्रा झाकला पाहिजे, कारण दुसऱ्या फेऱ्यात त्याच्या अंगावर उमटलेली पहिल्या भागाची छाप पुढे भूतासारखी दिसते. ३० सेंटिमीटर लांबीच्या पत्र्याला सुमारे १० सेंटिमीटर व्यास लागतो, ४५ सेंटिमीटरला साडेचौदा. रोलर दांड्यांवर टांगून ठेवावे. टेबलावर टेकून ठेवलेल्या मऊ रोलरला एका बाजूला सपाटी येते आणि ती प्रत्येक छापात पट्टा म्हणून दिसते.

शाई चढवणे आणि छापणे

प्रथम खाचांत घट्ट शाई भरून कडक जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पत्रा पुसतात. पुसताना पत्रा गरम केला असेल तर पूर्ण थंड होऊ द्यावा, गरम धातूवर पुढच्या शाया पातळ होतात. जस्ताच्या पत्र्यावर पिवळा आणि पांढरा रंग पुसताना धातूची काजळी मिसळून ते मळतात, तेव्हा फिकट रंग खाचांत न भरता रोलरवर ठेवणे शहाणपणाचे.

मग कडक रोलर, पातळ शाईचा विरळ थर घेऊन, स्वतःच्या वजनाखेरीज जोर न देता एकदाच. तो फक्त सपाटीला रंग देतो. त्यानंतर मऊ रोलर, घट्ट शाई घेऊन, हळू आणि दाबून. तो खोलगट भागांत उतरतो आणि सपाटीवरच्या तेलकट शाईकडून नाकारला जातो. मऊ रोलरला थोडी पातळ शाई चिकटतेच, म्हणून प्रत्येक प्रतीनंतर तो धुऊन नव्याने शाई द्यावी. तिसरा रंग हवा असेल तर काचेवर शाईचा थर पसरून त्यावर पत्रा पालथा टेकवतात. तो अगदी उंच बिंदूंनाच लागतो.

कागद सुती, सुमारे ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर. तो भिजवून टिपकागदात असा टिपावा की अंगावर चकाकी राहणार नाही. पाण्याची चकाकी राहिली की तेलकट शाई तिथे धरत नाही. खोल पत्र्यासाठी फेल्ट (प्रेसच्या रुळाखाली कागदावर ठेवायचे लोकरी नमदे) जाड आणि मऊ लागतात, कारण कागद तळापर्यंत पोचायला हवा. शाई चढवून झाली की लगेच छापावे. थांबल्यास पातळ शाई उतारांवरून खाली ओघळते.

नेहमीचे दोष असे. रंगाभोवती तेलाचे पिवळे वलय आले किंवा कागदाच्या पाठीवर डाग उतरला, तर पातळ शाईत तेल जास्त आहे. कडांशी रंग चिरडून बाहेर आला, तर शाईचा थर जाड आहे. प्रेसचा दाब कमी करून हा दोष जात नाही. रेषा फिक्या आल्या, तर मऊ रोलरवरची शाई फार चिकट असून तिने खाचांतली शाई उचलली आहे. अशा वेळी रोलरची शाई किंचित सैल करावी किंवा रेषा आणखी खोल खाव्यात. सगळीकडे एकच मातकट छटा आली तर बहुतेक वेळा शाईच्या दाटपणात पुरेसा फरक नसतो. तो असूनही तसेच होत असेल, तर पत्र्यातच पातळ्या नाहीत. शिकाऊ कामांत हे कारण सर्वांत जास्त आढळते. आधी रेखाटन करून, एचिंग करून, शेवटी रंगांसाठी रोलर फिरवला की हाती चमकदार पण निरर्थक रंगमिश्रण येते. रंगयोजना पत्रा कोरतानाच उंची-खोलीच्या भाषेत ठरवावी लागते.

कृष्ण रेड्डी यांची कार्यपद्धती

रेड्डी शांतिनिकेतनात शिकले, नंतर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये आणि पॅरिसमध्ये ओसिप झाडकीन यांच्याकडे त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. १९६० च्या दशकात ते आतेलिए १७ चे सहसंचालक होते. पत्र्याकडे ते शिल्पकाराच्या नजरेने पाहत. ते हाताने आणि यांत्रिक हत्यारांनी धातू खोदत, घासत आणि उतार घडवत. ‘व्हर्लपूल’ (१९६३) सारख्या कामात रंग जवळून पाहिल्यास सुटे ठिपके दिसतात, हातभर अंतरावरून तेच मिळून झळाळणारी एक छटा होते. शाया न मिसळता डोळ्यात रंग मिसळणे ही त्यांची खास कमाई, आणि ती शाईच्या नकारातून येते.

पॅरिसमधील विद्यार्थी आंदोलनाच्या वर्षी, १९६८ मध्ये, केलेल्या ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’मध्ये उभ्या मानवाकृतींची रांग पत्र्याच्या उठावातूनच उभी राहते. १९८१ च्या ‘ग्रेट क्लाउन’चा पत्रा त्यांनी वेगवेगळ्या रंगक्रमांनी पुन्हा पुन्हा छापला. या प्रती शेजारी ठेवल्या की एकाच पत्र्यात किती चित्रे दडलेली असतात हे कळते, आणि या पद्धतीचा अभ्यास करणाऱ्याने सर्वप्रथम त्याच पाहाव्यात. १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सत्तरच्या दशकात ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी दीर्घकाळ शिकवले.

आतेलिए १७ मधून गेलेल्या सगळ्यांनी रंगाचाच मार्ग धरला असे नाही. अलीगढला जन्मलेल्या झरीना (१९३७–२०२०) साठच्या दशकात हेटर यांच्याकडे शिकल्या, पण पुढे काष्ठमुद्रण आणि कागदाच्या लगद्याचे ओतकाम यांकडे वळल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) हा त्यांचा ३६ काष्ठमुद्रणांचा संच जवळजवळ काळ्या रेषांवरच उभा आहे. हेटर यांच्या मृत्यूनंतर पॅरिसची कार्यशाळा ‘आतेलिए काँत्रपॉइंट’ या नावाने चालू राहिली.

आवृत्ती आणि स्वस्त पर्याय

प्रत्येक प्रतीसाठी पत्रा, काच आणि रोलर पूर्ण धुऊन शाई नव्याने चढवावी लागते, त्यामुळे आवृत्त्या (एका पत्र्यावरून काढलेल्या क्रमांकित प्रतींचे संच) लहान असतात आणि दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. छटांमधला फरक लक्षणीय असेल तर क्रमांकाबरोबर ‘बदलती आवृत्ती’ अशी नोंद करणे प्रामाणिक ठरते. ताज्या प्रती वजनाखाली दाबू नयेत, उठाव चेपतो. शाई सुकल्यावर पाठ ओलसर करून टिपकागदांत हलक्या वजनाखाली सपाट कराव्यात. पावसाळ्यात भिजवलेला कागद प्लॅस्टिकमध्ये दोन-तीन दिवस राहिला तर त्याला बुरशी लागते, म्हणून लागेल तेवढाच भिजवावा.

धातू परवडत नसेल तिथे माउंटबोर्डवर फेविकॉलने कापड, सँडपेपर, कागदाचे थर चिकटवून पातळ्या उभ्या करता येतात. हा कोलोग्राफचा पत्रा दोन्ही बाजूंनी आणि कडांनी चपडा लाखेच्या दोन-तीन हातांनी बंद करावा. एखादी जागा उघडी राहिली तर पुठ्ठा शाईतले तेल शोषून घेतो, पातळ शाई तिथे घट्ट होते आणि नकार घडत नाही. असा पत्रा थोड्याच प्रती देतो, मग उंच भाग चेपू लागतात. मात्र पातळ्या, तेल आणि रोलर यांचे नाते समजून घ्यायला तो पुरेसा आहे, आणि चुकलेली पातळी त्यावर तासाभरात नव्याने बांधता येते.